अनिश्चिततेचे क्षेत्रफळ

मराठी समीक्षेत 'क्वांटम' हा शब्द आता विशेषण म्हणून रुळू लागला आहे. 'क्वांटम वास्तव', 'क्वांटम जाणीव', 'संहितेची क्वांटम अवस्था' अशा जोड्या शोधनिबंधांत आणि चर्चासत्रांच्या टिपणांत अधूनमधून भेटतात. त्यांचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो : निश्चित असे काही नाही, पाहणाऱ्यावाचून वस्तू नाही, म्हणून वाचकावाचून अर्थही नाही, आणि हे आता भौतिकशास्त्रानेही मान्य केले आहे. पुरावा म्हणून हायझेनबेर्ग यांचे १९२७ सालचे अनिश्चिततेचे तत्त्व एका वाक्यात येते आणि निबंध पुढे सरकतो. ते तत्त्व कशाविषयी आहे, किती आहे, कोणत्या दोन राशींमध्ये आहे, हे प्रश्न विचारण्याची गरज ना लेखकाला वाटते ना मार्गदर्शकाला.

या सवयीची टवाळी पूर्वी होऊन गेली आहे. १९९६ साली ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकात मुद्दाम रचलेला निरर्थक लेख छापवून आणला आणि मग स्वतःच त्याचे बिंग फोडले. त्या प्रकरणातून दोन्ही बाजूंनी फारसे काही शिकल्याचे मला दिसत नाही. टवाळीने माणूस शब्द टाळायला शिकतो, समजून घ्यायला शिकत नाही. मला टवाळी करायची नाही. एक साधे उदाहरण नीट पाहावे एवढाच आग्रह आहे. ते उदाहरण आहे प्रबळ चुंबकी क्षेत्रात सापडलेल्या इलेक्ट्रॉनचे. पुंजयामिकीचे स्वरूप इतके उघडे करून दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत. आणि आपल्या समीक्षेने 'क्वांटम' या शब्दावर जे लादले आहे, त्याच्या नेमकी उलट साक्ष हे उदाहरण देते.

प्रथम अभिजात भौतिकी काय सांगते ते पाहू. (हा शब्द भौतिकशास्त्रानेही आपल्याचसारखा वापरला आहे, न्यूटन-मॅक्सवेल यांच्या परंपरेसाठी.) चालत्या इलेक्ट्रॉनवर चुंबकी क्षेत्राचे बल नेहमी त्याच्या गतीशी काटकोनात लागते. त्यामुळे इलेक्ट्रॉनचा वेग वाढत नाही की कमी होत नाही, फक्त दिशा वळत राहते आणि तो वर्तुळात फिरू लागतो. १ टेस्ला क्षेत्रात तो सेकंदाला सुमारे २८ अब्ज फेऱ्या घालतो, मग वर्तुळ लहान असो वा मोठे. वर्तुळ किती मोठे असावे यावर अभिजात भौतिकीत बंधन नाही. इलेक्ट्रॉनचा वेग असेल त्याप्रमाणे कोणतीही त्रिज्या चालते.

येथे एक गमतीची गोष्ट आहे. या अभिजात चित्रातून जगातले चुंबकत्व सिद्धच होत नाही. १९११ साली नील्स बोर यांनी आपल्या प्रबंधात आणि पुढे १९१९ साली हेन्ड्रिका फान लेउवेन यांनी आपल्या प्रबंधात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे दाखवले की अभिजात नियम काटेकोरपणे लावले तर उष्मीय समतोलातील पदार्थाचे एकूण चुंबकत्व शून्य यायला हवे. आतले इलेक्ट्रॉन एका दिशेने वर्तुळे घालतात, कडेचे इलेक्ट्रॉन भिंतीवर आपटत, उड्या घेत उलट दिशेने जातात, आणि दोन्हींची बेरीज तंतोतंत फिटते. म्हणजे होकायंत्राची सुई उत्तरेकडे का वळते याचे उत्तर अभिजात भौतिकीजवळ मुळात नव्हतेच. ज्या पुंजयामिकीला आपण धूसरतेचे शास्त्र समजतो तिच्यावाचून लोहचुंबकासारखी ठोस वस्तूही उभी राहत नाही.

१९३० साली बावीस वर्षांच्या लेव्ह लान्दाऊ यांनी हाच वर्तुळात फिरणारा इलेक्ट्रॉन पुंजयामिकीच्या नियमांनी सोडवला. उत्तर आले ते शिडीसारखे. इलेक्ट्रॉनला कोणतीही ऊर्जा घेता येत नाही. समान अंतरावरच्या ठरावीक पायऱ्यांपैकी एकीवरच त्याला उभे राहावे लागते. सर्वांत खालची पायरीही जमिनीवर नसते, अर्ध्या अंतरावर असते. पूर्ण थांबणे इलेक्ट्रॉनच्या नशिबी नाही. चुंबकी क्षेत्र वाढवले की पायऱ्यांतले अंतर वाढते. या पायऱ्यांना आज लान्दाऊ पातळ्या म्हणतात.

पण माझ्या दृष्टीने खरी मौज पायऱ्यांत नाही, प्रत्येक पायरीवर किती इलेक्ट्रॉन मावतात यात आहे. वर्तुळाला मध्यबिंदू असतो आणि त्याचे स्थान सांगायला दोन आकडे लागतात, एक पूर्व-पश्चिम आणि एक उत्तर-दक्षिण. हायझेनबेर्ग यांच्या तत्त्वाची जी आवृत्ती आपल्याला ऐकून माहीत असते तिच्यात स्थान आणि संवेग यांची जोडी असते : एक नेमके कळले की दुसरे निसटते. प्रबळ चुंबकी क्षेत्रात मात्र त्या मध्यबिंदूचे हे दोन स्थानांकच एकमेकांची अशी जोडी होऊन बसतात. तो पूर्व-पश्चिम कोठे आहे हे जितके नेमके ठरवावे तितके तो उत्तर-दक्षिण कोठे आहे हे विसकटत जाते. याचा परिणाम असा की प्रत्येक अवस्थेच्या वाट्याला पृष्ठभागाचा एक ठरावीक तुकडा येतो, त्याहून लहान तुकड्यात तिला कोंबता येत नाही. या तुकड्याचे क्षेत्रफळ म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार आणि चुंबकी क्षेत्र यांचा गुणाकार. १० टेस्ला क्षेत्रात ते सुमारे ४१४ चौरस नॅनोमीटर भरते. क्षेत्र दुप्पट करा, तुकडा निम्मा होतो. याच हिशेबाने १० टेस्लाला एका चौरस मिलिमीटरमध्ये प्रत्येक पायरीवर सुमारे २४० कोटी जागा असतात, आणि एका जागेवर एकच इलेक्ट्रॉन बसतो.

अनिश्चिततेला येथे क्षेत्रफळ आहे, हे आपल्या विषयाच्या लोकांनी जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ती धुके नाही. तिचे माप इतके काटेकोर आहे की तिच्यावरून आसने मोजता येतात, जशी सभागृहात मोजावीत. तिच्याच आधारावर, पुढे आपण पाहणार आहोत त्याप्रमाणे, माणसाने आजवर केलेल्या अत्यंत नेमक्या मोजमापांपैकी एक उभे आहे.

'प्रबळ' या विशेषणाविषयी थोडे बोलायला हवे, कारण विशेषणे हा आपला प्रांत. पृथ्वीचे चुंबकी क्षेत्र टेस्लाच्या लक्षांश भागांत मोजावे लागते, तीन ते सहा लक्षांश. रुग्णालयातील एमआरआय यंत्रात ते साधारणतः १.५ किंवा ३ टेस्ला असते. प्रयोगशाळांत ४५ टेस्लाच्या आसपासचे स्थिर क्षेत्र निर्माण करता येते. पण आकडा मोठा म्हणून क्षेत्र प्रबळ ठरत नाही. दोन अटी आहेत. इलेक्ट्रॉनला कोठेही न धडकता आपली फेरी पूर्ण करता आली पाहिजे. आणि दोन पायऱ्यांतले अंतर उष्णतेच्या धडपडीपेक्षा पुष्कळ मोठे असले पाहिजे, नाहीतर तो पायऱ्यांवरून सारखा वरखाली फेकला जाईल आणि शिडी असून नसल्यासारखी होईल. मोकळ्या इलेक्ट्रॉनसाठी १० टेस्लाला हे अंतर सुमारे १३ केल्व्हिन तापमानाइतके असते. गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकात इलेक्ट्रॉन हलका असल्यासारखा वागतो म्हणून तेथे तेच अंतर २०० केल्व्हिनच्या घरात जाते. तेच क्षेत्र एका ठिकाणी प्रबळ, दुसऱ्या ठिकाणी दुबळे. अणूच्या आत तर केंद्रकाच्या ओढीवर मात करायला सुमारे २ लाख ३५ हजार टेस्ला लागतील. तेवढे क्षेत्र पृथ्वीवर टिकवून धरता येत नाही, पण मॅग्नेटार नावाच्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर ते हजार कोटी टेस्ला आणि त्याहून अधिक असते. सिद्धांत असे सांगतो की तेथील अणू गोल राहत नाहीत, क्षेत्राच्या दिशेने ताणून सुईसारखे होतात. त्यामानाने सौम्य क्षेत्रातली अणूची हकिकत जुनी आहे : फॅरेडे यांनी १८६२ साली ज्योतीच्या वर्णरेषांवर चुंबकाचा परिणाम शोधून पाहिला, त्यांना तो दिसला नाही, १८९६ साली लायडन येथे पीटर झेमान यांना तो सोडियमच्या रेषांत दिसला, आणि १९०८ साली जॉर्ज हेल यांनी त्याचाच आधार घेऊन सूर्यावरील डागांत चुंबकी क्षेत्र असल्याचे ओळखले.

आता एक मोह सांगतो. मराठीत छंदाच्या एका प्रकारालाही वृत्त म्हणतात आणि वर्तुळालाही वृत्त म्हणतात. स्वैर धावणारा इलेक्ट्रॉन क्षेत्रात आला की वृत्तात बांधला जातो, आणि मग त्याला मधली कोणतीही मात्रा घेता येत नाही, ठरलेल्याच घ्याव्या लागतात. असा परिच्छेद कोणत्याही संपादकाने आनंदाने छापला असता. पण वृत्तात यतिभंग करता येतो. कवी तो जाणूनबुजून करतो, आणि कान तयार असलेला वाचक त्या भंगातून अर्थ काढतो. लान्दाऊ पातळ्यांच्या मध्ये असे मोडून उभे राहण्याची सोय शुद्ध रूपात नाही. श्लेष सुंदर आहे, पण श्लेषच आहे. संस्कृतातून आलेल्या एका शब्दाच्या दोन अर्थांवरून निसर्गाविषयी काही सिद्ध होत नाही. साम्य कोठे संपते हे सांगितले की रूपक लंगडे होते असे आपल्याकडे समजतात. मला वाटते ती जागा दाखवल्यावरच ते वापरायच्या लायकीचे होते.

'शुद्ध रूपात' असे म्हटले, कारण या कथेतला सर्वांत अनपेक्षित भाग अशुद्धतेचा आहे. एडविन हॉल यांनी १८७९ साली सोन्याच्या पातळ पत्र्यावर दाखवले होते की प्रवाह वाहत असलेल्या पट्टीला चुंबकी क्षेत्रात ठेवले तर प्रवाहाला आडवा असा विद्युत्‌दाब निर्माण होतो. या आडव्या दाबाला प्रवाहाने भागले की हॉल रोध मिळतो. १९८० सालच्या फेब्रुवारीत ग्रनोबल येथील प्रबळ चुंबकांच्या प्रयोगशाळेत क्लाउस फोन क्लिट्झिंग एका सिलिकन ट्रान्झिस्टरचा हॉल रोध मोजत होते. क्षेत्र सुमारे १८ टेस्ला, तापमान निरपेक्ष शून्याच्या दीड-दोन अंश वर. ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉनांचा एक अतिशय पातळ थर असतो आणि विद्युत्‌दाब बदलून त्यांची संख्या वाढवता येते. संख्या वाढत जाईल तसा हॉल रोध सलग उतरत जायला हवा होता. तो पठारांवरून उतरला. इलेक्ट्रॉन वाढत राहिले तरी रोध एका आकड्यावर थांबून राहिला, मग झपकन खाली आला, पुन्हा थांबला. आणि थांबण्याचे आकडे होते २५८१२.८०७ ओहम भागिले २, भागिले ४ अशा पूर्णांकांनी. सिलिकन कोणत्या कंपनीचे, पट्टी किती लांब, किती रुंद, कडा कापताना किती वेडीवाकडी झाली, यांतले काहीही त्या आकड्यात नव्हते. त्यात होते ते प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार.

ही पठारे कशामुळे? पदार्थ पूर्णपणे शुद्ध असता तर ती दिसलीच नसती. हॉलची जुनी सलग उतरण तेवढी दिसली असती. प्रत्यक्ष पदार्थात मलद्रव्ये असतात, पृष्ठभागावर खळगे आणि उंचवटे असतात. त्यांच्यामुळे प्रत्येक पातळी थोडी पसरते आणि तिच्यातल्या बहुतेक अवस्था एकेका खळग्याभोवती अडकून पडतात. नवे इलेक्ट्रॉन येतात ते अशा अडकलेल्या अवस्थांत जाऊन बसतात, आणि अडकलेला इलेक्ट्रॉन प्रवाहात भाग घेत नाही. म्हणून संख्या वाढते आणि रोध तसाच राहतो. वाहणाऱ्या अवस्था थोड्या असतात, तरीही त्या अडकलेल्यांची कसर पूर्ण भरून काढतात. का, याची संगती रॉबर्ट लाफलिन यांनी १९८१ साली आणि डेव्हिड थाउलेस व सहकाऱ्यांनी १९८२ साली लावली. थाउलेस यांच्या मांडणीत तो पूर्णांक म्हणजे अवस्थांच्या एकूण भूमितीत किती वेढे पडले आहेत याची मोजणी आहे, आणि वेढे अर्धामुर्धा बदल करून कमी-जास्त होत नाहीत. गाठ सैल करता येते, घट्ट करता येते, पण दोन गाठींच्या पावणेदोन गाठी करता येत नाहीत.

निरनिराळ्या प्रयोगशाळांत सिलिकन, गॅलियम आर्सेनाइड आणि पुढे ग्राफीन अशा अगदी वेगळ्या पदार्थांवर मोजलेला हा आकडा अब्जात काही अंश इतक्या बारकाईने आणि त्याहूनही सूक्ष्म पातळीवर जुळला. फोन क्लिट्झिंग यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० पासून जगभर विद्युत्‌रोधाचे मानक याच पठारावरून घेतले जाऊ लागले. आणि २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक व इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार यांच्या किमती व्याख्येनेच ठरवून दिल्यामुळे हा आकडाही कायमचा निश्चित झाला. 'पाहणाऱ्यावाचून वस्तू नाही' असे म्हणणाऱ्या निबंधलेखकाने या पठाराकडे एकदा पाहावे. कोण पाहतो आहे, कोठून पाहतो आहे, कशावर पाहतो आहे, या सगळ्यांविषयी इतकी उदासीन दुसरी गोष्ट मिळणे कठीण.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. साहित्याने विज्ञानाचे शब्द वापरताना विज्ञानाची शिस्त पाळावी असा नियम कोणी केला? रूपकाला मुभा हवी. मान्य आहे. कवीने इलेक्ट्रॉनला विरहिणी म्हटले तरी माझी तक्रार नाही. पण 'भौतिकशास्त्रानेही हे सिद्ध केले आहे' असे वाक्य ज्या क्षणी येते त्या क्षणी रूपक संपते आणि साक्ष सुरू होते. आपल्या मुद्द्याला बळ यावे म्हणून बाहेरचा साक्षीदार बोलावला जातो, आणि साक्षीदाराची उलटतपासणी होते. रूपकाची मुभा आणि साक्षीचे वजन, दोन्ही एकाच शब्दातून वसूल करण्याची ही पद्धत मला अप्रामाणिक वाटते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने काव्यशास्त्रातला 'ध्वनी' हा शब्द ध्वनिप्रदूषणाशी जोडला तर आपण त्याला तेथेच थांबवतो. 'अनिश्चितता' या शब्दाच्या बाबतीत आपण थांबवत नाही, कारण थांबवायला लागणारे ज्ञान आपल्याजवळ नसते आणि नसल्याची लाजही वाटत नाही.

पूर्णांकांनंतर अपूर्णांक आले. १९८२ साली बेल प्रयोगशाळेतील डॅनियल त्सुई, होर्स्ट ष्टोर्मर आणि आर्थर गोसार्ड यांना अधिक शुद्ध गॅलियम आर्सेनाइडमध्ये एक तृतीयांशाचे पठार दिसले. अगदी खालची पायरीसुद्धा एक तृतीयांशच भरलेली असताना इलेक्ट्रॉन परस्परांना टाळत अशी काही सामुदायिक अवस्था घेतात की तिच्यातला व्यत्यय इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश विद्युत्‌भाराने वावरतो. इलेक्ट्रॉन फुटलेला नसतो, तरीही तृतीयांश भार खरोखर मोजता येतो. १९९७ साली इस्राएल आणि फ्रान्समधील गटांनी प्रवाहातल्या सूक्ष्म खळबळीवरून तो मोजला. लाफलिन यांनी १९८३ साली या अवस्थेसाठी जे सूत्र लिहिले ते त्यांनी पायरीपायरीने निष्पन्न केले नव्हते, अंदाजाने रचले होते आणि मग ते कसोटीला लावले. १९८९ साली जैनेंद्र जैन यांनी इलेक्ट्रॉन आणि चुंबकी क्षेत्राचे भोवरे यांचा एकत्रित 'संयुक्त कण' कल्पून अशा अनेक अपूर्णांकांची मालिका एका सूत्रात आणली. २०२५ चे भौतिकीचे वोल्फ पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर मिळाले. या प्रदेशाविषयी सविस्तर लिहायला वेगळा लेख लागेल.

त्यापेक्षा साहित्याच्या वाचकाला अधिक जवळच्या एका माणसाकडे वळतो. डग्लस हॉफस्टॅटर हे नाव आपल्याला 'ग्योडेल, एशर, बाख' या १९७९ सालच्या ग्रंथामुळे माहीत असते. भाषांतराच्या अभ्यासकांना ते १९९७ च्या 'ल तों बो द मारो' मुळे माहीत असते. या दुसऱ्या ग्रंथाचा गाभा म्हणजे क्लेमाँ मारो या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच कवीची अठ्ठावीस ओळींची, प्रत्येक ओळीत तीनच अक्षरावयव असलेली एक चिमुकली कविता, आणि तिची असंख्य भाषांतरे. घाट सांभाळून अर्थ किती सांभाळता येतो, हा त्यांचा प्रश्न. १९९९ साली त्यांनी पूश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'चे यमके आणि कडव्याची बांधणी राखून इंग्रजी भाषांतरही केले. या हॉफस्टॅटर यांचा पीएच. डी.चा विषय होता चुंबकी क्षेत्रात स्फटिकातील इलेक्ट्रॉनच्या अवस्था.

तेथील पेच असा. स्फटिकातले अणू इलेक्ट्रॉनला आपल्या जाळीच्या लयीत बांधू पाहतात आणि चुंबकी क्षेत्र त्याला वर्तुळाच्या लयीत बांधू पाहते. दोन बंधने, दोन मापे : जाळीच्या एका घराचे क्षेत्रफळ आणि आपण वर पाहिलेला अनिश्चिततेचा तुकडा. या दोहोंचे गुणोत्तर साधा अपूर्णांक असेल तर पातळ्या ठरावीक पट्ट्यांत विभागतात, पण अपरिमेय असेल तर पट्ट्यांचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे असे अंतहीन विखुरणे होते. हॉफस्टॅटर यांनी टेबलावर मावणाऱ्या गणनयंत्रावर आकडे काढून हाताने आलेख रेखाटला, तेव्हा कागदावर फुलपाखरासारखी आकृती उमटली, आणि तिच्या पंखांत तशीच लहान लहान फुलपाखरे. हा शोधनिबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. सांगण्यासारखी गोष्ट अशी की येथे दोन नियमांपैकी एकही सैल नाही. सगळी गुंतागुंत दोन काटेकोर नियम एकमेकांत न बसल्यामुळे निर्माण झाली आहे.

प्रत्यक्षात हे दिसण्याची आशा तेव्हा फारशी नव्हती. साध्या स्फटिकात अणूंची घरे इतकी लहान असतात की अनिश्चिततेचा तुकडा तेवढा आवळायला काही हजार टेस्लांची, पूर्ण जुळवायला काही दहा हजार टेस्लांची गरज पडली असती. पुढे ग्राफीनचा एक अणुजाड पापुद्रा बोरॉन नायट्राइडवर ठेवता येऊ लागला. दोन्हींच्या जाळ्या जवळजवळ सारख्या, फरक दोन टक्क्यांहूनही कमी. दोन विरळ पडदे एकावर एक धरले की त्यांच्या विणीतून जशी मोठी, तिसरीच नक्षी दिसते, तशी येथे सुमारे १४ नॅनोमीटर अंतराची नक्षी तयार होते. तिचे एक घर अनिश्चिततेच्या तुकड्याएवढे व्हायला २४ टेस्लांच्या आसपासचे क्षेत्र पुरते. २०१३ साली तीन गटांनी अशा थरांतून मोजलेल्या रोधात ते फुलपाखरू ओळखले. हॉफस्टॅटर तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते.